वीजघर, बेंजो आणि आमची पार्टी

जर्मन भाषेत वीजघराला 'क्राफ्टवेर्क' म्हणतात. १९७० साली ड्युसेलडॉर्फ शहरातल्या राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोन तरुणांनी आपल्या वाद्यवृंदाला हेच नाव दिलं. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी विजेवर वाजणाऱ्या लोकप्रिय संगीताला जगात मानाची जागा मिळवून दिली. आज 'इलेक्ट्रॉनिक पॉप' म्हणून जे काही ऐकू येतं, त्याची वंशावळ शोधत गेलं तर हे नाव लागतंच.

मी खोपोलीचा. आमच्याकडे वीजघर ही काही नवलाची गोष्ट नाही. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाट उतरून, सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीत येतं आणि तिथं वीज तयार होते. टाटांचं हे वीजघर १९१५ साली सुरू झालं. पलीकडे कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर १९२२ साली सुरू झालं. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेवर चालल्या. मुंबईचे दिवे आमच्या डोंगराच्या पायथ्याशी पेटत होते आणि त्याच डोंगरावरच्या ठाकरवाड्यांत मात्र त्यानंतर कित्येक दशकं रॉकेलची चिमणी होती.

अशा या दोन वीजघरांच्या मुलखात इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग करणारे गट झाले का? झाले. एक-दोन नव्हे, गावोगाव झाले. फक्त त्यांना कुणी त्या नावानं ओळखलं नाही. आम्ही त्यांना 'बेंजो पार्टी' म्हणतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं मी अशाच एका पार्टीत कॅसिओ वाजवत होतो. पोटापाण्यासाठी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करत असल्यामुळे पार्टीची यंत्रंही माझ्याच गळ्यात होती. त्यामुळे बेंजो पार्टी आतून कशी असते, तिचा आवाज कसा घडतो आणि तो आता कुठं चालला आहे, हे मी थोडंफार सांगू शकतो.

आधी बेंजोविषयी. अमेरिकन गाण्यांत वाजणारा गोल पोटाचा बँजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं माहेर जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी हे वाद्य तयार केलं. त्या वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून त्याला 'ताइशोगोतो' असं नाव पडलं. लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरला असाव्यात तशा बटणांच्या ओळी. डाव्या हातानं बटण दाबलं की तार तेवढ्या जागी अडते आणि उजव्या हातातल्या नखीनं ती छेडायची. काही तारा सुरांच्या, काही नुसत्या साथीच्या. शिकायला सोपं, किमतीला हलकं आणि उचलायला त्याहून हलकं. त्यामुळे हे वाद्य आशियाभर पसरलं. बलुचिस्तानात ते लोकसंगीताचं मुख्य वाद्य झालं. आपल्याकडे ते घराघरांत पोरांच्या हाती आलं आणि मग हळूहळू रस्त्यावर उतरलं.

रस्त्यावर उतरायला एक अडचण होती. बुलबुल तरंगाचा आवाज नाजूक. ढोल-ताशापुढे तो कुणाला ऐकू जाणार? उत्तर विजेनं दिलं.

१८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला तर त्या तारेत वीज निर्माण होते. खोपोलीच्या वीजघरात हेच घडतं. पाण्याच्या जोरानं चाक फिरतं, त्यामुळे वेटोळ्यांजवळ चुंबक फिरतो आणि वीज तयार होते. बेंजोला लावतात त्या 'पिकअप'मध्येही हेच घडतं, फक्त लहान प्रमाणात. तारांच्या खाली एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र डळमळतं आणि वेढ्यांत अगदी सूक्ष्म वीज उमटते. तारेच्या थरथरीचा जो आकार, तोच त्या विजेचा आकार. ॲम्प्लीफायर ती वीज मोठी करतो, आणि कर्ण्यातून तोच सूर शंभरपट होऊन बाहेर पडतो. बेंजोवाला एका अर्थानं मांडीवर वीजघर घेऊनच बसलेला असतो, असं मी आमच्या पोरांना सांगत असे.

आमच्या पार्टीचा पहिला पिकअप घरचाच होता. चुंबक फाटलेल्या स्पीकरमधला, बारीक तार जुन्या रिलेच्या कॉइलमधून सोडवलेली. ती शिवणयंत्राच्या चाकावर गुंडाळली. दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमली. पहिल्यांदा आवाज आला तो सुराचा नव्हे, गुणगुणीचा. आपल्या देशातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. अर्थिंग नीट नसलं, की ती आवर्तनंच कर्ण्यातून घुमू लागतात. पिकअपवर पत्र्याचं आवरण घालून ते अर्थला जोडलं, तेव्हा कुठं गुणगुण दबली आणि बेंजो बोलू लागला.

गंमत अशी, की ड्युसेलडॉर्फमध्येही सुरुवात अशीच जुळवाजुळवीची होती. क्राफ्टवेर्कच्या पहिल्या काळात श्नायडर बासरी वाजवत असे, पण तिचा आवाज प्रतिध्वनीच्या यंत्रातून फिरवून. ह्यूटर ऑर्गन वाजवत असे. कॉनी प्लांक नावाचा कसबी ध्वनिमुद्रक त्यांच्यासोबत होता. गटातली माणसं येत होती, जात होती. १९७१-७२ च्या सुमारास तर दोघंच उरले होते. तेव्हा ढोल वाजवायला माणूस नाही म्हणून त्यांनी ऑर्गनसोबत येणारी ठेक्याची पेटी वापरली. १९७३ मध्ये वोल्फगांग फ्ल्यूर त्यांना येऊन मिळाला. त्या सुमारास त्यांनी घरच्या घरी विजेचा ढोल बनवला. धातूच्या चकत्या आणि धातूच्या काड्या. काडी चकतीला लागली की मंडल पूर्ण होई आणि ठोका वाजे. पुढे १९७४ मध्ये त्यांचं 'आउटोबान' आलं. मोटारींच्या महामार्गावरच्या प्रवासाचं हे गाणं २२ मिनिटांहून मोठं आहे. त्याची कापून लहान केलेली आवृत्ती १९७५ साली अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाला. खालापूरच्या टोलनाक्याजवळ उभं राहून मोटारींचा एकसुरी घूं-घूं आवाज ऐकला, की त्या गाण्यातली कल्पना आपोआप कळते.

क्राफ्टवेर्कची मंडळी स्वतःला 'संगीत-कामगार' म्हणवून घेत. ड्युसेलडॉर्फ हे रूर या कारखानदारीच्या पट्ट्याला लागून असलेलं शहर, त्यामुळे तो शब्द तिथं शोभला. आमच्या पार्टीत मात्र तो शब्दशः खरा होता. सात जणांपैकी दोघं कारखान्यात पाळीवर, एक स्टेशनबाहेर भाजी विकणारा, एक गवंडी, एक आयटीआयचा विद्यार्थी, ढोलावर डोंगरावरच्या ठाकरवाडीतला एक जबरदस्त गडी, आणि मी. सुपारी घेताना आधी पाळ्यांचं वेळापत्रक बघावं लागे. रात्रपाळी असलेला बेंजोवाला हळद वाजवून थेट कारखान्याच्या फाटकावर जाई. आम्ही त्याला 'वस्ताद' म्हणत असू. वयानं तो आमच्यापेक्षा फार मोठा नव्हता, पण एकदा ऐकलेली चाल तो तासाभरात बटणांवर बसवत असे. सरगम लिहिणं आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

बेंजो पार्टीत गायक नसतो. ही गोष्ट नीट लक्षात घेतली, तर तिच्या संगीताची सगळी रचना उलगडते. शब्द नाहीत, त्यामुळे चालीनं पहिल्या दोन आवर्तनांतच स्वतःची ओळख पटवली पाहिजे. लोकांनी 'अरे, हे ते गाणं' असं म्हटलं की पाय आपोआप हलतात. तार छेडली की सूर लगेच विरतो. गाणाऱ्याचा गळा जसा सूर धरून ठेवतो तसं तिला जमत नाही. म्हणून वस्ताद एकाच सुरावर नखी भराभर मागेपुढे चालवत राही. त्यावर प्रतिध्वनीचं यंत्र लावलं की तुटक ठोके एकमेकांत मिसळून लांब, थरथरता, थोडासा रडवा सूर तयार होई. बेंजोचा जो खास आवाज आपण लांबूनही ओळखतो, तो या दोन युक्त्यांचा आहे. कोळीगीत, भक्तिगीत, सिनेमाचं गाणं, काहीही त्या आवाजातून गेलं की बेंजोचंच होऊन जातं.

मग आला कॅसिओ. त्या जपानी कंपनीनं १९८० साली पहिला कीबोर्ड बाजारात आणला आणि काही वर्षांत आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणू लागले. त्यात बटण दाबलं की तयार ठेका वाजे: डिस्को, रॉक, वॉल्ट्झ. १९८५ मध्ये रोलँड कंपनीचा 'ऑक्टोपॅड' आला. रबरी आठ चौकोन, त्यांवर काठीनं मारायचं. पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता, तो दुसऱ्या यंत्राला नुसती खूण पाठवत असे. नव्वदच्या दशकात आवाज पोटातच असलेले पॅड आले, आणि मग ते पार्ट्यांमध्ये ढोलकीच्या शेजारी जाऊन बसले. धातूच्या चकतीवर काडी मारणारा फ्ल्यूर आणि रबरी पॅडवर काठी मारणारा आमच्याकडचा पोरगा, दोघांची कल्पना एकच: यंत्राचा आवाज, पण हात माणसाचा.

कॅसिओतल्या तयार ठेक्याचं आमच्या पार्टीत काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. मंडपात बसून वाजवताना तो ठीक चालायचा. पण मिरवणूक निघाली की जमेना. मिरवणुकीला स्वतःची चाल असते. चढ लागला की माणसं मंदावतात, चौक आला की थांबून गोल करतात, नदीचा उतार लागला की सगळे एकदम उसळतात. खोपोलीत पाताळगंगेकडे, कर्जतला उल्हास नदीकडे जाताना हे दरवर्षी दिसतं. ढोलवाला गर्दीकडे बघून लय वाढवतो किंवा धरून ठेवतो. यंत्राला गर्दी दिसत नाही, ते एकाच वेगानं ठोकत राहतं. मग आम्ही ठरवलं, की रस्त्यावर कॅसिओचा ठेका बंद. डाव्या हातानं खर्जाचे सूर आणि उजव्या हातानं मधले 'पीस', दोन्ही ढोलाच्या मागून. आसपासच्या ज्या पार्ट्या मी ऐकल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपापल्या परीनं हाच तोडगा काढला होता. यंत्र हवं, पण त्यानं माणसाच्या चालीनं चालावं. बेंजो पार्टीचं सगळं शहाणपण मला या एका गोष्टीत दिसतं.

विजेचाही प्रश्न होताच. वाड्यांवर दाब इतका कमी, की बल्ब पिवळा पडे आणि ॲम्प्लीफायर घरघरू लागे. लोडशेडिंगच्या वर्षांत तर हळदीच्या ऐन रंगात अंधार होई. त्यावर उपाय म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लीफायर. हातगाडीवर बॅटरी, वर दोन कर्णे, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला बेंजो. वीज सोबत घेऊन चालणारं संगीत. क्राफ्टवेर्कनं स्वतःचा स्टुडिओ हेच आपलं वाद्य मानलं आणि वर्षानुवर्षं त्यात बसून काम केलं. आमचा स्टुडिओ चाकांवर होता आणि त्याला धक्का द्यायला लग्नघरची पोरं होती.

पार्टीचं वर्ष ठरलेलं असे. तुळशीचं लग्न लागलं की हळदी आणि वराती सुरू. मध्ये शिवजयंती, मग भीमजयंती. पावसात सगळं सामान पोत्यांत गुंडाळून माळ्यावर. दहीहंडीला पुन्हा खाली, मग गणपती आणि नवरात्र. सुपारीचे पैसे आल्यावर आधी टेम्पोचं भाडं, मग बॅटरीचं चार्जिंग, तुटलेल्या तारा आणि उरलेल्याची सात वाटण्या. कुणी त्यावर श्रीमंत झालं नाही. पण घरात त्या पैशाला मान होता. ठाकरवाडीतल्या आमच्या ढोलवाल्यानं त्या वाटणीतून बहिणीच्या लग्नाची भांडी घेतली होती, आणि त्या लग्नात आम्ही फुकट वाजवलं.

मान नव्हता तो बाहेर. संगीताच्या एका शिक्षकांनी मला समजावलं होतं, की बुलबुल तरंग हे वाद्य नव्हे, खेळणं आहे. पेपरात बेंजोचं नाव यायचं ते गोंगाटाच्या तक्रारीत. ती तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असताना खिडकीखाली कर्णा वाजला की काय होतं, हे मलाही ठाऊक आहे. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या नियमांना आणखी बळ दिलं. नियम योग्यच आहेत. पण हळद हा रात्रीचा सोहळा, त्यामुळे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कात्री लागली ती बेंजोवाल्यांच्या रोजगाराला.

दुसरी कात्री डीजेची. एक माणूस, एक लॅपटॉप आणि टेम्पोवर स्पीकरची भिंत. यजमानाला ते सोयीचं पडतं. सात जणांचं जेवण नको, पाळ्यांचा घोळ नको, हवं ते गाणं मूळ गायकाच्या आवाजात मिळतं. आवाजाच्या बाबतीत म्हणाल तर डीजे बेंजोपेक्षा कमी नाही, जास्तच आहे. बदललं ते वेगळंच. आता ठेका आधीच ठरलेला असतो आणि गर्दीनं त्याच्यामागे जायचं असतं. चढावर मंदावणारा आणि नदीच्या उतारावर उसळणारा तो ढोल गेला. एका माणसाची बिदागी राहिली, सहा जणांची गेली. बेंजो पार्ट्या संपलेल्या नाहीत, गणपतीत अजून वाजतात. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही केला. पण नवीन पोरगा बटणांवर बोटं ठेवायला बसला आहे, असं दृश्य आमच्या भागात मला क्वचितच दिसतं.

इथं मुंबईतलं एक उदाहरण आठवतं. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे कलाकार. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन नवी यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. ती फारशी खपली नाही आणि लोक विसरून गेले. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ती सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरचे जाणकार चकित झाले. अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही वर्षांनी जे संगीत जन्माला आलं, त्याच्याशी जुळणारा आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता. सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगांना परदेशातल्या रंगमंचावर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले, पण उशिरा का होईना, दाद घेऊन गेले.

हे घडलं, कारण तबकडी होती. क्राफ्टवेर्कच्या सुरुवातीच्या वर्षांवर आज पुस्तकं लिहिली जातात, २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे ओळीनं आठ कार्यक्रम झाले, तेही ध्वनिमुद्रणं होती म्हणून. आमच्या पार्टीची एकही तबकडी निघाली नाही, की कॅसेट निघाली नाही. आम्ही वाजवलं ते त्या रात्री नाचलेल्या पायांबरोबर संपलं. वस्ताद आता नाहीत. त्यांनी बसवलेल्या चालींतल्या मधल्या जागा, त्यांचे स्वतःचे 'पीस', आता माझ्या कानातच उरले आहेत. माझी बोटं ते बटणांवर वाजवू शकत नाहीत.

पण एक जागा अजून आहे, जिथं हा आवाज सापडू शकतो. नव्वदच्या दशकात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग घरोघर सुरू झालं. त्या कॅसेटमध्ये नवरा-नवरी दिसतात, आणि मागे हळदीचा किंवा वरातीचा बेंजो वाजत असतो. शूटिंगवाल्यानं नंतर वर सिनेमाचं गाणं चढवलं नसेल, तर तो मूळ आवाज तिथं जसाच्या तसा आहे. या कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी लागते, आणि आमच्या रायगडच्या पावसात ती लवकर लागते. बुरशी लागलेली फीत यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्रही बिघडतं. म्हणून तशी फीत आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी आणि मगच तिची प्रत करावी. कॅसेट आडवी नव्हे, उभी ठेवावी, कोरड्या जागी. प्रत केली की तिच्यावर तीन गोष्टी जरूर लिहाव्यात: गावाचं नाव, साल आणि वाजवणाऱ्या पार्टीचं नाव. पार्टीचं नाव आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. सुपारी द्यायला कोण गेलं होतं, हे त्यांना बहुधा आठवत असतं. कर्जत-खालापुरात गेल्या दोन वर्षांत मी अशा अकरा कॅसेट उतरवून घेतल्या आहेत. त्यांतल्या चारांत बेंजो स्वच्छ ऐकू येतो.